सतरा नंबरचा शून्य

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, बेडूक मोजतात. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "ते ठीक, पण नोकरी कुठं करतात?" अहो, हीच नोकरी. वन खात्यात एकतीस वर्षं. सरकारी जंगलात चाळीस पाणवठे आहेत. कुठं तळं, कुठं डबकं, कुठं झऱ्याखालची नुसती दलदल. प्रत्येकाला नंबर आहे. ओल्या दिवसांत दर पंधरवड्याला प्रत्येक ठिकाणी जायचं आणि कुठल्या जातीचे बेडूक आहेत, साधारण किती, अंडी घातलीत का, पिल्लांना पाय फुटलेत का, ते लिहून आणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल, उतरेल. त्याला चोवीस वर्षं झाली. खूळ उतरलं तर नाहीच, घरभर पसरलं.

घर म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. मी दुरुस्तीची कामं करते. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, पोट सुटलेल्यांचे कोट सैल करणं. मागची खोली वन्संची. मधल्या खोलीत माझा नवरा, आणि तो कायम मधल्याच खोलीत असतो, कुणाच्या बाजूनं म्हणून बोलत नाही. बाथरूममध्ये एक बादली आहे, तिला हात लावायची कुणाची छाती नाही. तिच्यात औषधाचं पाणी, आणि त्यात वन्संचे गमबूट. एका डबक्याच्या चिखलातली बुरशी बुटाला लागून दुसऱ्या डबक्यात गेली तर तिथल्या बेडकांना कातडीचा रोग होतो, म्हणून दोन पाणवठ्यांच्या मध्ये बूट घासून धुवायचेच. गाडीत एक ब्रश, घरी एक ब्रश. घरचा ब्रश मी एकदा चुकून फरशीला वापरला. त्याची आठवण मला दरवर्षी एकदा करून दिली जाते.

आणि फ्रीज. एकदा वन्संनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात मेलेला बेडूक आणून ठेवला, तपासणीला पाठवायचा होता म्हणून. डब्यावर चिठ्ठी लावली, 'मादी. हात लावू नये.' माझ्या नवऱ्याला वाटलं, आइस्क्रीम मी माझ्यासाठी राखून ठेवलंय. त्यानं रागानं झाकण उघडलं. त्यानंतर सहा महिने तो आइस्क्रीमच्या वाटेला गेला नाही.

तरी सांगते, वन्संच्या कामात खोट काढायची सोय नव्हती. कुणी सहज बोलताना म्हणालं, "अमका म्हणजे विहिरीतला बेडूक आहे," तर या विचारणार, "कुठल्या जातीचा? सगळे विहिरीत राहत नाहीत." बेडूक दिसायच्या आधी ऐकू येतो, त्यामुळे मोजणी मुख्यतः कानानं. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं पाणवठ्यावर उभं राहायचं. आपल्या पावलांनी ते गप्प झालेले असतात, म्हणून एक मिनिट नुसतं थांबायचं. मग पाच मिनिटं ऐकायचं. काहीच नाही तर शून्य. एकेक आवाज वेगळा मोजता आला तर एक. आवाज एकमेकांवर चढले तर दोन. नुसता कल्लोळ, काही सुटंच करता येत नाही, तर तीन. वन्संना अकरा जाती नुसत्या आवाजावरून ओळखता यायच्या, आणि पाहुणे आले की त्या अकरांची नक्कल करून दाखवायच्या. पाहुणे पुन्हा लवकर यायचे नाहीत, हा त्यातला फायदा.

मोजणीला दोघं जातात. एक ऐकतो, एक लिहितो. यात वन्संचा स्वतःचा एक नियम होता, आणि तो काळ्या दगडावरची रेघ: लिहिणाऱ्यानं ऐकायचं नाही. फार पूर्वी त्यांच्या हाताखाली एक उत्साही गृहस्थ होता, त्याला प्रत्येक डबक्यात चार जाती जास्त ऐकू यायच्या. वाद घालघालून त्यानं एका वर्षाच्या नोंदींचा पार बट्ट्याबोळ केला. तेव्हापासून वन्सं बोलतील ते लिहायचं, मत द्यायचं नाही. शेवटची आठ वर्षं लिहायला खात्याचे ड्रायव्हरकाका होते. फार गरीब माणूस. त्यांना या नियमाचा काही त्रास नव्हता, घरीही त्यांचा तोच नियम असावा.

आता माझं आणि वन्संचं कुठं वाजायचं, तेही सांगते. आमचं वॉशिंग मशीन. धुणं झालं की ते बारीक आवाजात टिट टिट करत राहतं. वन्सं सुट्टीच्या दिवशी त्याच्या शेजारीच खुर्ची टाकून वह्या तपासत बसतात. मशीन कोकलतंय आणि या ढिम्म. मी तोंडात टाचण्या धरून पुढच्या खोलीतून धावत जायचे, कपडे काढायचे, मुद्दाम बादली आपटायचे. त्या वर बघून म्हणायच्या, "झालं का धुणं?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी नवऱ्याला म्हणायचे, "तुमच्या ताईंना डबक्यातलं सगळं ऐकू येतं, घरातलं तेवढं येत नाही." तो म्हणायचा, "ती कामात असते." दोन-तीन वर्षं हे चाललं होतं. माणसाला आपला राग बरोबर वाटायला लागला की तो दुसरं काही बघतच नाही, आणि मी तर त्या बाबतीत पहिल्या नंबरची.

गेल्या ओल्या हंगामात वन्संचं जेवण कमी झालं. पहिल्यांदा मला वाटलं, निवृत्तीचं दुःख. हंगाम संपताना त्यांची नोकरीही संपणार होती. पण ते नव्हतं. सतरा नंबरचं डबकं होतं.

नखुल्या नावाचा एक बेडूक आहे. अंगठ्याच्या नखाएवढा, म्हणून नखुल्या. तो आमच्या जंगलात सहाच ठिकाणी होता, आणि त्यातलं सतरा नंबर वन्संनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शोधलेलं. त्या शोधामुळे ते डबकं राखीव यादीत गेलं होतं. मात्र खात्याचा नियम असा की ज्या बेडकासाठी जागा राखली तो सलग तीन वर्षं सापडला नाही, तर जागा यादीतून काढायची. नखुल्या दोन वर्षं सहाही ठिकाणी शून्य होता, आणि या तिसऱ्या वर्षीही शून्यच चाललं होतं. बाकी पाच जागी कुणाला काही करायचं नव्हतं. सतरा नंबरवरून मात्र लाकडाच्या ट्रकसाठी रस्ता आखून तयार होता. डबकं बुजवलं की वळण वाचत होतं. शेवटची एक फेरी उरली होती.

"मी शोधला, आणि माझ्याच हातानं त्याला शून्य घालून निघाले," वन्सं एक दिवस ताटावर म्हणाल्या. मी त्यांना न विचारता भात वाढला. टोमणा न मारता वाढला म्हणजे बघा.

शेवटच्या फेरीच्या दिवशी ड्रायव्हरकाकांची कंबर धरली. गाडी चालवायला खात्यानं दुसरा माणूस दिला, पण लिहायला कुणी नाही. दोन सह्या लागतात, त्याशिवाय नोंद धरत नाहीत. वन्सं माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुझं अक्षर बरं आहे," म्हणाल्या. मदत मागायची ही त्यांची पद्धत.

"येते," मी म्हटलं. "पण तिथं मला शिकवायचं नाही."

"शिकवणार नाही. फक्त मी सांगेन ते लिहायचं. लिहिणाऱ्यानं—"

"ऐकायचं नाही. चोवीस वर्षं ऐकतेय हे."

सतरा नंबर मी पहिल्यांदा बघितलं. एवढं पुराण ऐकलेलं, तर मला वाटलं होतं काहीतरी बघण्यासारखं असेल. आमच्या मधल्या खोलीएवढं डबकं, कडेनं लव्हाळं, वर एक आडवं पडलेलं झाड. झाडांना रस्त्याच्या आखणीचे लाल पट्टे मारलेले. आम्ही बूट घासून धुतले, काठाशी उभ्या राहिलो. वन्संनी डोळे मिटले. एक मिनिट गेलं. मग डबकं बोलायला लागलं.

मला बेडकांतलं काही कळत नाही. पण माझं आयुष्य मशीनपुढं गेलंय. सुई बोथट झाली तर मला कापड बघावं लागत नाही, आवाजावरून कळतं. डबक्यात कुणी डुरडुरत होतं, कुणी डबा वाजवल्यासारखं करत होतं, आणि या सगळ्याच्या वर, लव्हाळ्यातून, बारीक, टोकदार, 'त्सिक… त्सिक… त्सिक'. एक नाही, पाच-सहा तरी. सुईनं टोचावं तसं कानात शिरत होतं.

पाच मिनिटं झाली. वन्सं डोळे न उघडता सांगत गेल्या. हा दोन, तो एक, तो दुसरा एक. मी लिहीत गेले. मग त्या थांबल्या. घसा खाकरला. "नखुल्या," म्हणाल्या, "शून्य."

माझी पेन्सिल तशीच राहिली.

"लिही."

"वन्सं, ते बारीक कोण ओरडतंय?"

"कोण बारीक?"

"ते त्सिक त्सिक. माझ्या कानाचा भुगा झालाय."

"किडा असेल. लिहिणाऱ्यानं ऐकायचं नाही, तुला सांगितलंय मी."

"कान घरी ठेवून येऊ का?" मी म्हटलं. माझा पारा चढला होता. अख्ख्या हंगामात ही बाई धड जेवली नव्हती, आणि आता माझं ऐकून घ्यायलाही तयार नव्हती. "मी शून्य लिहिणार नाही आणि सहीही करणार नाही. तुमच्या नियमाचं लोणचं घाला."

 वन्संना असं कुणी बोललेलं नव्हतं, निदान डबक्याकाठी. मी वही त्यांच्या हातात कोंबली, टॉर्च घेतला आणि पाण्यात उतरले. त्यांचे जुने बूट मला दोन नंबर मोठे, पाऊल उचललं की बूट मागं राहायचा. आवाज जवळ आला की बंद पडायचा. मी थांबायचे, तो पुन्हा सुरू व्हायचा. फरशीवर पडलेली सुई शोधायची मला सवय आहे. घाई केली की सापडत नाही. दहा मिनिटांनी एका लव्हाळ्याच्या पात्याखाली टॉर्चचा उजेड गेला आणि तिथं तो बसलेला. पिवळट, नखाएवढा, आणि गळ्याखाली फुगा.

"वन्सं," मी हलक्या आवाजात म्हटलं, "इकडे या. सावकाश."

त्या आल्या. चष्मा वर केला, पात्याजवळ तोंड नेलं.  "तोच," म्हणाल्या. "अगं, तोच आहे. नर." मग त्या तशाच वाकून राहिल्या. बेडकाच्या गळ्याचा फुगा फुगत होता, बसत होता, फुगत होता, बसत होता. प्रत्येक वेळी माझ्या कानात टोचत होतं. वन्संचं तोंड त्याच्यापासून वीतभर.

"बोलतोय का तो आत्ता?" त्यांनी विचारलं.

 इतकी वर्षं टोमण्यांचा साठा जमवून ठेवला होता, त्यातला एकही त्या वेळी वर आला नाही.

"बोलतोय, वन्सं," मी म्हटलं. "मघापासून."

त्या काठावर जाऊन आडव्या झाडावर बसल्या. मला वाटलं, आता रडतील. आणि बाई हसायला लागल्या. आधी बारीक, मग खांदे गदागदा हलेपर्यंत. "म्हणजे हा तीन वर्षं इथं बोंबलतोय," त्या म्हणाल्या, "आणि मी त्याच्या पुढ्यात उभी राहून लिहून घेतेय, की हा नाही." हसता हसता डोळे पुसले, मग नुसतेच पुसत राहिल्या. मी शेजारी बसले. माझ्या डोक्यात वॉशिंग मशीन वाजत होतं.

"ते धुण्याचं मशीन," मी म्हटलं.

"ते वाजतं?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी मी नवऱ्याला न सांगता मनात वन्संची तीन वेळा माफी मागितली, आणि तोंडानं एकदा.

दुसऱ्या दिवशी आम्ही ड्रायव्हरकाकांना बघायला गेलो. ते पोटावर पालथे पडले होते. वन्संनी सरळ विचारलं, "तुम्हाला सतरा नंबरवर बारीक आवाज यायचा का?"

"यायचा की," काका उशीतून म्हणाले.

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"बाई, लिहिणाऱ्यानं ऐकायचं नाही. तुम्हीच म्हणालात." मग मान वळवून ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्हाला माहीत नाही असं आजवर झालेलं नाही."

 परत येताना वन्सं जिन्यात थांबून म्हणाल्या, "बघ, मीच माझ्या दुसऱ्या कानाला कुलूप लावलं होतं."

आता अहवाल. मी व्यवहारी बाई आहे, मी सुचवलं की तीन वर्षांचं उकरून काढायचं कारण नाही. 'नखुल्या परत आला' असं लिहा. डबकं वाचतं, तुमचं नाव राहतं, निरोपाच्या दिवशी लोक टाळ्या वाजवतील. एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं, त्यावर शेवटच्या दिवसांत स्वतःच शाई कशाला सांडायची?

"तो गेलाच नव्हता," वन्सं म्हणाल्या, "तर परत कसा येईल?"

"कुणाला कळणार आहे?"

"पुढची जी कुणी मोजायला येईल, ती माझ्या वह्या बघून शिकणार. तिला वाटेल, नखुल्या तीन वर्षं जातो आणि मग येतो. मग खरंच गेला तरी ती वाट बघत बसेल." त्यांनी वही पुढं ओढली. "आणि उरलेल्या पाच जागांचं काय? तिथलेही शून्य माझेच आहेत."

त्यांच्या साहेब म्हणजे एक तरुण मॅडम होत्या. वन्संनी लेखी दिलं ते त्यांनी दोनदा वाचलं. "निवृत्तीला नऊ दिवस असताना तुम्ही लिहून देताय की तीन वर्षांच्या नोंदी चुकल्या?"

"नऊ दिवसांनी दिलं असतं तर बरोबर ठरल्या असत्या का?" वन्सं म्हणाल्या. मी शेजारी बसून होते, मला उगीचच अभिमान वाटला.

 मॅडमनी गाडी दिली. नऊ दिवसांत आम्ही पाचही जागा पुन्हा केल्या. मी ऐकायचं, वन्संनी लिहायचं, आणि सापडला की दोघींनी डोळ्यांनी बघायचं. तीन ठिकाणी नखुल्या होता. दोन ठिकाणी मी जीव कानात आणून उभी राहिले, तीन-तीन फेऱ्या केल्या, पण तिथं खरंच काही नव्हतं. त्या दोन जागी वन्सं फार वेळ थांबल्या. तिथला कधी गेला, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

जुन्या वह्यांत त्यांनी नखुल्याच्या प्रत्येक शून्यावर एक सरळ रेघ मारली, खोडरबर लावला नाही. बाजूला लाल शाईत लिहिलं, 'मला ऐकू आला नाही', आणि खाली सही. अशा एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या. मी मोजल्या, कारण दर दहा सह्यांमागे एक चहा मी करत होते. निरोपाच्या दिवशी भाषणात मॅडमनी सांगितलं की पुढच्या हंगामापासून ऐकणाऱ्याचे कान आधी तपासले जातील, आणि लिहिणाऱ्यानंही ऐकायचं, फक्त वेगळ्या कागदावर. टाळ्या झाल्या. वन्संना पहिल्या ओळीत बसूनही अर्धंच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मला कोपरानं ढोसून विचारलं, "काय म्हणाली?" लाल पट्टे पुसले गेले. रस्ता वळण घेऊन गेला.

कान दाखवले, यंत्रं आली. दोन्ही कानांत एकेक, वालाच्या बीएवढी. पहिल्या दिवशी घरी येऊन वन्सं खुर्चीत बसल्या आणि पाचच मिनिटांत म्हणाल्या, "तुझ्या मशीनला तेल घाल. किती किरकिरतंय." दुसऱ्या दिवशी, "अगं, तू एवढी पुटपुटतेस?" मी इतकी वर्षं स्वयंपाकघरात मोकळेपणानं बोलत आले होते. आता तीही सोय गेली.

या हंगामाला मॅडमनी मला रोजंदारीवर घेतलं. मी बेडूक मोजते. लोक विचारतात, नोकरी काय करता. पहिल्या फेरीला माझ्याबरोबर वन्संनाही बोलावलं होतं, दुसऱ्या कागदावर लिहायला. कंबर बरी झालेले ड्रायव्हरकाका गाडीत बसले. सतरा नंबरच्या काठाशी आम्ही बूट धुतले, उभ्या राहिलो. एक मिनिट गेलं. मग लव्हाळ्यातून पहिला आला, 'त्सिक'. मी मुद्दाम वन्संकडे बघितलं नाही. मला माझे पाच मिनिटांचे आवाज मोजायचे होते. नखुल्याला मी तीन लिहिलं. इतके होते की एकेक सुटा करता येत नव्हता.

"झाली वेळ," मी म्हटलं. "तुमचं किती?"

त्यांनी कागद पुढं केला. कोरा होता. त्या केव्हाच आडव्या झाडावर बसल्या होत्या. हात मांडीवर, मान लव्हाळ्याकडे वळवलेली, तोंड जरा उघडं.

"वन्सं, पाच मिनिटं संपली. अजून चार पाणवठे आहेत. गाडी थांबलीय."

"थांबू दे," त्या म्हणाल्या. "माझं तीन वर्षांचं ऐकायचं राहिलंय."

मी काकांना हातानं खूण केली, पेन्सिल खिशात ठेवली आणि त्यांच्या शेजारी झाडावर बसले.